स्कॅनरवर ऐकू आलेला खटला

अमेरिकेत नॅसकारची, म्हणजे स्टॉक कार गाड्यांची, शर्यत बघायला गेलेला माणूस आधी कानांची सोय करतो. चाळीस गाड्या एकदम समोरून गेल्या की बाकाची फळी थरथरते आणि शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. म्हणून कानावर जाड गाद्यांचा हेडफोन असतो आणि त्याला जोडलेलं, मुठीत मावेल असं एक यंत्र. त्याला सगळे स्कॅनर म्हणतात. हौशी लोक विकत घेतात, बाकीचे ट्रॅकवर दिवसापुरतं भाड्याने घेतात. आकडा दाबायचा, की त्या गाडीच्या ड्रायव्हरचं त्याच्या माणसांशी चाललेलं बोलणं थेट कानात येतं. गाडी ‘टाइट’ आहे अशी तक्रार आली, तर वळणावर नाक वळत नाही असं समजायचं. ‘लूज’ म्हटलं, तर मागची बाजू सुटायला लागली आहे. स्टँडच्या छपरावर उभा असलेला स्पॉटर ड्रायव्हरचे डोळे होऊन सांगत असतो : आत एक गाडी आहे, अजून आहे, अजून आहे, गेली. शिव्याही ऐकू येतात. वडिलांसोबत आलेली आठ-दहा वर्षांची पोरं हे सगळं ऐकत मोठी होतात.

खेळाडू आणि प्रशिक्षक यांचं खासगी बोलणं सामना चालू असताना प्रेक्षकाला इतकं मोकळेपणाने ऐकू देणारे खेळ फार थोडे आहेत. नॅसकारच्या प्रेक्षकाला आपल्या खेळावर जो हक्क वाटतो, त्याचं एक मूळ मला या स्कॅनरमध्ये दिसतं. त्याला वाटतं, मी आतला आहे. मला सगळं ऐकू येतं.

एक बोलणं मात्र त्या यंत्रावर कधीच आलं नव्हतं : संघांचे मालक आणि लीगचे मालक बंद दाराआड काय बोलतात ते. डिसेंबर २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात, फेडरल न्यायालयाच्या एका दालनात, ते उघड झालं. दोन संघांनी लीगवर, म्हणजे नॅसकारवर, खटला भरला होता. या खटल्यात प्रेक्षक ना वादी होता ना प्रतिवादी. तरी तो काय ऐकतो, कशावर खवळतो आणि कशाकडे काणाडोळा करतो, यावर बरंच काही ठरत गेलं.

वाद समजायला आधी घर कुणाचं आहे ते बघावं लागतं. बिल फ्रान्स सीनियर यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथल्या स्ट्रीमलाइन हॉटेलात ड्रायव्हर, मेकॅनिक आणि आयोजकांची बैठक बोलावली आणि १९४८ मध्ये नॅसकार उभी राहिली. तेव्हापासून आजतागायत ती एका कुटुंबाची खासगी मालमत्ता आहे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, आणि २०१८ पासून धाकटा मुलगा जिम फ्रान्स यांच्याकडे. अमेरिकन फुटबॉल किंवा बेसबॉलमध्ये संघांचे मालक मिळून लीग चालवतात. इथे लीग वेगळी, संघ वेगळे, आणि लीगशी संघांचं नातं कराराचं. शिवाय २०१९ मध्ये नॅसकारने इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन ही ट्रॅकची कंपनी सुमारे २०० कोटी डॉलर देऊन ताब्यात घेतली. म्हणजे नियम तिचे, आणि डेटोना, टॅलाडेगा यांसारखी मैदानंही तिची.

२०१६ मध्ये ‘चार्टर’ आले. ३६ चार्टर वाटले गेले. ज्या गाडीकडे चार्टर, तिला प्रत्येक शर्यतीत जागा नक्की आणि कमाईत ठरलेला वाटा. उरलेल्या चार जागा ‘ओपन’, म्हणजे वेळ काढा आणि जागा मिळवा. हा सौदा तेव्हा जुन्या प्रेक्षकांना रुचला नव्हता, हे विसरून चालणार नाही. गावाकडून स्वतःची गाडी ट्रेलरवर लादून आणणारा, पात्रता फेरीत जीव ओतणारा आणि जागा मिळाली नाही तर रविवारी सकाळी मुकाट्याने परतणारा माणूस त्यांना या खेळाचा कणा वाटायचा. चार्टरने त्याच्यासाठी दार अरुंद केलं. आठ वर्षांनी त्याच चार्टरसाठी कोर्टात भांडण सुरू झालं, तेव्हा या मंडळींना कुठल्याच बाजूबद्दल फारसं प्रेम वाटेना.

पहिले करार २०२४ अखेर संपत होते. दोन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या. दरम्यान नॅसकारने सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरचा टीव्ही करार केला होता. संघांचं म्हणणं होतं की वाटा वाढवा आणि चार्टर कायमचे करा. दर काही वर्षांनी हातातून जाऊ शकेल अशा कागदावर कोण कोट्यवधी घालणार? ६ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी अंतिम मसुदा आला, सही करायला काही तासांची मुदत घेऊन. पंधरापैकी तेरा संघांनी त्या रात्री सह्या केल्या. दोघांनी नकार दिला. एक ‘२३-इलेव्हन’, बास्केटबॉलचा बादशहा मायकेल जॉर्डन आणि ड्रायव्हर डेनी हॅमलिन यांचा. जॉर्डनच्या जर्सीचा आकडा २३, हॅमलिनच्या गाडीचा ११, म्हणून हे नाव. दुसरा फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स, बॉब जेंकिन्स यांचा. २ ऑक्टोबरला दोघांनी मिळून दावा दाखल केला.

दाव्याचा पाया होता १८९० चा शर्मन कायदा, मक्तेदारीविरुद्धचा. विकणारा एकटाच असला की ग्राहक नाडला जातो, ही मक्तेदारी आपल्या ओळखीची. इथे आरोप उलट्या टोकाचा होता. गावात दूध घेणारं केंद्र एकच असलं की शेतकऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो, तसं. स्टॉक कारचा संघ उभा केला, तर तो पळवायचा कुठे? २०२२ पासूनची ‘नेक्स्ट जेन’ गाडी ठरवून दिलेल्या पुरवठादारांच्याच भागांची, आणि ती दुसऱ्या स्पर्धेत नेता येत नाही. वकील होते जेफ्री केसलर, अमेरिकन खेळांतल्या अशा खटल्यांतलं फार मोठं नाव.

प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया थंड होती, आणि का होती ते समजून घेण्यासारखं आहे. जॉर्डन अब्जाधीश, फ्रान्स कुटुंब अब्जाधीश. ज्याला चार जणांच्या कुटुंबाला रविवारी ट्रॅकवर न्यायचं तर पेट्रोल, तिकीट, मोटेल यांचा हिशेब जुळवावा लागतो, त्याला या भांडणात आपलं काय, असं वाटलं तर त्यात चूक काय? एक मोठा गट सरळ म्हणत होता : फ्रान्स कुटुंबाने हे उभं केलं, अटी पटत नसतील तर स्वतःची लीग काढा. त्यात हॅमलिन हा मुळातच शिट्या आणि हुर्ये खाणारा माणूस. २०२३ मध्ये ब्रिस्टलला जिंकल्यावर त्याने हुर्यो करणाऱ्या स्टँडला माइकवरून सुनावलं होतं की तुमचा लाडका ड्रायव्हर कुणीही असो, मी त्याला हरवलं. असा माणूस कोर्टात गेल्यावर अनेकांनी खटल्याचे कागद न वाचताच निकाल देऊन टाकला.

दुसरीकडे एक भीती होती, आणि ती खरी होती. अमेरिकेत उघड्या चाकांच्या गाड्यांचा खेळ १९९६ मध्ये दुभंगला होता. २६ मे १९९६ रोजी इंडियानापोलिस ५०० झाली, आणि त्याच दिवशी मिशिगनमध्ये नाराज संघांनी आपली वेगळी शर्यत भरवली. दोन्हीकडे गाड्या पळाल्या, प्रेक्षक मात्र दोन्हीकडून ओसरत गेला. गट एकत्र यायला २००८ उजाडलं, तोवर बरेच जण नॅसकारकडे वळले होते. ज्यांनी ती फूट डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना संघ आणि लीग यांच्यातला प्रत्येक वकिली शब्द खुपत होता. आधीच आकडे उतरणीला लागलेले. २००६ ची डेटोना ५०० शर्यत अमेरिकेत टीव्हीवर १ कोटी ९० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली होती. २०२५ ची ७० लाखांपर्यंतही पोचली नाही.

नॅसकारच्या स्वतःच्या इतिहासातही लीगशी भांडलेल्यांची गत काय होते ते जुन्या लोकांना पाठ होतं. १९६१ मध्ये कर्टिस टर्नरने ड्रायव्हरांची संघटना बांधायचा प्रयत्न केला. बिल फ्रान्स सीनियर यांनी त्याला आणि टिम फ्लॉकला आजन्म बंदी घातली. १९६५ मध्ये मोठे ड्रायव्हर नाहीत म्हणून स्टँड रिकामे राहू लागले, ट्रॅकवाले कुरकुरले, आणि ती बंदी उठली. खेळाच्या मालकाने त्या वेळी न्यायाधीशापेक्षा तिकीटखिडकीचं ऐकलं.

मग १९६९. अलाबामातला टॅलाडेगा ट्रॅक नवा कोरा, वेग ताशी २०० मैलांच्या घरात, आणि टायर तो वेग सोसेनात. त्यांच्या चिंध्या होत होत्या. रिचर्ड पेटीच्या नेतृत्वाखाली नावाजलेले ड्रायव्हर गाड्या ट्रेलरवर चढवून निघून गेले. फ्रान्स सीनियर यांनी शर्यत रद्द केली नाही. त्यांनी जे मिळाले ते ड्रायव्हर उभे केले, आणि तिकीट घेतलेल्यांना सांगितलं की याच तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर डेटोना किंवा टॅलाडेगाची पुढची एक शर्यत बघता येईल. प्रेक्षकाला आपल्या बाजूला ठेवल्याशिवाय ड्रायव्हरांना हरवता येणार नाही, हे त्या माणसाला पक्कं कळत होतं. १४ सप्टेंबरला शर्यत झाली, रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. त्या दिवशी ऐनवेळी उभ्या केलेल्या ड्रायव्हरांत एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा होता. नाव रिचर्ड चाइल्ड्रेस. सर्वोच्च मालिकेतली ती त्याची पहिलीच शर्यत. हे नाव लक्षात असू द्या, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

२०२५ मध्ये शर्यती आणि न्यायालयाचे आदेश एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालत होते. न्यायाधीश केनेथ बेल यांनी डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही संघांना तात्पुरता दिलासा दिला : खटला संपेपर्यंत चार्टर ठेवा. मार्चमध्ये नॅसकारने उलटा दावा ठोकला की संघांनीच संगनमत केलं. जूनमध्ये वरच्या न्यायालयाने दिलासा काढून घेतला. न्यायाधीश बेल त्या महिन्यात दोन्ही बाजूंना म्हणाले होते की सगळ्यांच्या डोक्यावरचं हे घर जाळून टाकायला तुम्ही किती मेहनत घेताय. जुलैत सहा गाड्यांचे चार्टर गेले. डोव्हरपासून त्या ‘ओपन’ म्हणून पळू लागल्या, चार्टरवाल्या गाडीला मिळणाऱ्या पैशाच्या एका तुकड्यावर.

आणि लगेच पुढच्या रविवारी, २७ जुलैला, इंडियानापोलिसच्या ब्रिकयार्ड ४०० मध्ये बबा वॉलेस जिंकला. २३-इलेव्हनची २३ नंबरची गाडी, चार्टर नसलेली. शंभर शर्यतींचा दुष्काळ संपला. मला वाटतं, कागदावरचं भांडण प्रेक्षकाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं ते इथे. जिला पुढच्या हंगामात जागेची खात्री नाही, ती गाडी देशातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या मैदानांपैकी एकावर सगळ्यांच्या पुढे आली होती. लीगची कड घेणाऱ्यांनाही त्या विजयाचं कौतुक करताना थोडं अडखळायला झालं.

हॅमलिनबद्दलचा सूर बदलला तो २ नोव्हेंबरला, फीनिक्सला, अजिंक्यपद ठरवणाऱ्या शर्यतीत. तो चालवतो जो गिब्स रेसिंगची गाडी, म्हणजे सही केलेल्या संघाची. मालक मात्र सही न केलेल्या संघाचा. वय चव्वेचाळीस, साठ विजय, तीन डेटोना ५००, पण अजिंक्यपद एकदाही नाही. त्या दिवशी तो २०८ फेऱ्या पुढे होता. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा पडला. सगळे पिटमध्ये आले. हॅमलिनने चारही टायर बदलले, काइल लार्सनने दोन. लार्सन आधी बाहेर पडला आणि दिवसभरात एकही फेरी आघाडीवर नसताना अजिंक्यपद घेऊन गेला. हॅमलिनचे वडील आजारी होते. मुलाला शर्यतीत टिकवण्यासाठी त्या आईवडिलांनी एके काळी घर गहाण टाकलं होतं, आणि हे अजिंक्यपद त्यांना बघायला मिळावं अशी त्याची धडपड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीतून उतरलेल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघून हुर्यो करणं जड गेलं असणार. चार आठवड्यांनी तोच माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पहिला उभा राहिला आणि वडिलांबद्दल बोलताना त्याला रडू आवरलं नाही.

त्याआधीच कागद उघडे पडले होते. अमेरिकन दिवाणी खटल्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचे ईमेल, मेसेज, टिपणं मागून घेता येतात. त्यातलं बरंचसं न्यायालयाच्या दप्तरात आलं, आणि दप्तरातून लोकांसमोर. हा दुसरा स्कॅनर. फेडरल न्यायालयात कॅमेरा चालत नाही, म्हणून बातमीदार बाहेर येऊन जे लिहितील त्यावर सगळ्यांचे डोळे. एक वरिष्ठ अधिकारी, स्टीव्ह ओ’डॉनेल, खासगीत लिहीत होता की मालकांची भूमिका आपल्याला १९९६ च्या काळात, हुकूमशाहीत, एका छोट्याशा दाक्षिणात्य खेळात परत नेते. टोनी स्ट्युअर्ट आणि रे एव्हर्नहॅम यांनी उभी केलेली एसआरएक्स ही उन्हाळी मालिका, छोट्या ट्रॅकवरची आणि लोकांना आवडलेली, ती कशी संपवावी याबद्दलची भाषाही बाहेर आली. संघांच्या बाजूचे मेसेजही फार सोज्वळ नव्हते. हॅमलिन आणि त्याच्या भागीदारांनी फ्रान्स कुटुंबाबद्दल खासगीत जे लिहिलं होतं तेही वाचलं गेलं. स्कॅनर ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला शिव्यांचं मात्र वावडं नव्हतं.

त्याला लागली ती दुसरीच गोष्ट. २०२३ मध्ये नॅसकारचे तेव्हाचे अध्यक्ष आणि नंतरचे कमिशनर स्टीव्ह फेल्प्स यांनी रिचर्ड चाइल्ड्रेस यांच्या जाहीर बोलण्यावर चिडून एका सहकाऱ्याला मेसेज केला होता. त्यात त्यांना मूर्ख ‘रेडनेक’ म्हटलं होतं, मागे नेऊन फटके मारायला हवेत असं म्हटलं होतं, आणि त्यांची सगळी संपत्ती नॅसकारचं देणं आहे असंही.

‘रेडनेक’ म्हणजे उन्हात राबून मान रापलेला दक्षिणेतला गावंढळ. हा शब्द ते लोक स्वतः स्वतःबद्दल हसत वापरतात. पण सूटबुटातल्या साहेबाने तो वापरला की तो जिव्हारी लागतो. आणि कुणाला वापरला? १९६९ मध्ये जेव्हा सगळे थोर ड्रायव्हर टॅलाडेगा सोडून गेले, तेव्हा बिल फ्रान्स यांच्या शर्यतीत गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या त्या पोराला. त्याने पुढे संघ काढला, डेल अर्नहार्टला गाडी दिली आणि दोघांनी मिळून सहा अजिंक्यपदं जिंकली. काळी गाडी, तिरपा पांढरा तीनचा आकडा. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या वळणावर त्या गाडीत अर्नहार्ट गेला. त्या वर्षी पुढच्या शर्यतींत तिसरी फेरी आली की हजारो माणसं उठून उभी राहायची, तीन बोटं वर करायची, आणि समालोचक बोलायचे थांबायचे. ३ हा आकडा चाइल्ड्रेस यांनी पुढे तेरा हंगाम गाडीवर घातला नाही. २०१४ मध्ये त्यांच्या नातवाने तो पुन्हा घातला.

ज्यांनी त्या फेरीत तीन बोटं वर केली होती, त्यांना चार्टरचे टक्के, टीव्हीचा वाटा, बाजारपेठेची कायदेशीर व्याख्या यातलं काही विशेष हलवू शकलं नव्हतं. या एका मेसेजने हलवलं. कारण त्यात त्यांनाही शिवी होती. कोण कुणाचं देणं लागतं, हा प्रश्न आता दोन संघांचा राहिला नाही, स्टँडमधल्या प्रत्येकाचा झाला.

फेल्प्स यांच्याबाबत न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. तीच कागदपत्रं दाखवत होती की आतल्या आत संघांना काही जास्त द्यावं म्हणून तेही मालकांशी हुज्जत घालत होते. पण राग इतकं बारीक वाचत नाही. खटला चालू असतानाच बास प्रो शॉप्सचे संस्थापक जॉनी मॉरिस यांचं पत्र प्रसिद्ध झालं. चाइल्ड्रेस यांच्या गाड्यांवर आणि एकूण या खेळात अनेक वर्षं पैसा घालणारा हा माणूस. कमिशनरला हटवा, असा त्या पत्राचा स्पष्ट सूर होता. त्याच्या दुकानात गळ, बंदुका आणि बोटी विकत घेणारं गिऱ्हाईक तेच, जे रविवारी स्टँडमध्ये असतं. प्रेक्षकाला न्यायालयात उभं राहता येत नव्हतं. त्याच्या वतीने त्याच्या दुकानदाराने पत्र लिहिलं.

१ डिसेंबरला ज्यूरी निवडतानाही प्रेक्षक आडवा आला. नॉर्थ कॅरोलायना ही जॉर्डनची मायभूमी. तो वाढला विल्मिंग्टनला, खेळला चॅपल हिलला, शार्लटच्या बास्केटबॉल संघाचा मालक झाला. न्यायाधीशांनी विचारल्यावर काही जण त्याचे भक्त निघाले आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. नॅसकारचे चाहते नसलेले नऊ जण शोधायचे, आणि तेही शार्लटमध्ये, जिथे बहुतेक संघांच्या कार्यशाळा तासाभराच्या अंतरावर आहेत!

नऊ दिवसांत जे ऐकू आलं, त्यातल्या तीन साक्षी लोकांच्या तोंडी राहिल्या. हॅमलिनने हिशेब मांडला : एक गाडी वर्षभर ३८ शर्यतींना उभी करायला सुमारे २ कोटी डॉलर, तेही वरखर्च सोडून, आणि चार्टरमधून मिळणार १ कोटी २५ लाख. उरलेलं प्रायोजकाकडून आणा. बॉब जेंकिन्स हे खेळाडू नाहीत, तारा नाहीत. रेस्टॉरंटच्या धंद्यातून आलेला हा माणूस. २०२१ ची डेटोना ५०० जिंकूनही संघाने आपल्याला कधी नफा दाखवला नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर छोट्या संघांची बाजू घेतली होती, त्यांना हा आवाज जॉर्डनपेक्षा जवळचा वाटला. आणि हेदर गिब्स. सासरे जो गिब्स, नवरा कॉय. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुलगा खालच्या मालिकेचा विजेता झाला आणि त्याच रात्री कॉय झोपेत गेले. संघाची धुरा हिने उचलली. सही केलेल्या संघाची ही बाई पिंजऱ्यात येऊन सांगत होती की त्या सप्टेंबरच्या रात्री सासऱ्यांनी जिम फ्रान्स यांना फोनवर कसं विनवलं, आणि सही का करावी लागली. तोवर ‘तेरा जणांनी सही केली, मग या दोघांनाच काय दुखतंय’ हा चाहत्यांमधला सगळ्यात बळकट मुद्दा होता. तो त्या दिवशी ढासळला.

जॉर्डननेही साक्ष दिली. लहानपणी घरच्यांबरोबर शर्यती बघायला जायचो, असं तो म्हणाला. या मैदानांवर काळ्या कुटुंबांचं स्वागत फार कमी वेळा मोकळेपणाने झालं, त्या काळातली ही आठवण. नॅसकारने आपल्या कार्यक्रमांत कॉन्फेडरेट झेंड्यावर बंदी घातली ती २०२० मध्ये. जॉर्डनचा हा बाहेरचा पैसा आहे, असं म्हणणाऱ्यांना त्याच्या या चार वाक्यांनी उत्तर मिळालं असं मला वाटतं. तो त्यांच्यासारखाच स्टँडमधून आलेला होता.

११ डिसेंबरला, नवव्या दिवशी, तडजोड झाली. सहा चार्टर परत. आणि केवळ या दोघांना नव्हे, सगळ्या संघांना कायमचे चार्टर. ज्या मागणीवर दोन वर्षं नाही म्हटलं गेलं, ती मान्य झाली. दाव्यात संघांच्या अर्थतज्ज्ञाने ३६ कोटी ४७ लाख डॉलरचं नुकसान मांडलं होतं. प्रत्यक्षात किती दिले ते गुप्त राहिलं. जॉर्डन आणि एक्क्याऐंशी वर्षांचे जिम फ्रान्स न्यायालयाबाहेर बातमीदारांसमोर एकत्र उभे राहिले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फेल्प्स यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

चाहत्यांना सुटल्यासारखं वाटलं. खेळ फुटला नाही. पण त्यांच्यातली जुनी मंडळी एक प्रश्न विचारत राहिली, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कायमचा चार्टर म्हणजे कायमची मालमत्ता. २०१८ मध्ये एक चार्टर ६० लाख डॉलरला गेला होता, २०२३ मध्ये एकाची किंमत ४ कोटींच्या घरात होती. आता ती कुठे जाईल? ट्रेलरवर गाडी लादून येणारा तो माणूस अजून लांब ढकलला गेला. संघांच्या लढाईत त्याची बाजू कुणीच मांडली नाही, कारण तो कुणाचाच अशील नव्हता.

प्रेक्षकाला या खेळात एक अधिकृत मत आहे : दरवर्षी सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर निवडायचं. त्याची ताकद आपण भारतीयांनी एकदा वापरून पाहिली आहे. २०१० मध्ये कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला, आणि मोजक्या शर्यती पळूनही त्या वर्षी त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. ज्यांनी ओव्हल ट्रॅक कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता अशा इथल्या कितीतरी लोकांनी तेव्हा त्याच्यासाठी मत टाकलं असेल. त्या मतपत्रिकेवर चार्टर नसतो, टीव्हीचा करार नसतो, कमिशनरही नसतो.

फेब्रुवारीत डेटोनाला नवा हंगाम सुरू झाला. तडजोडीची रक्कम, अटींचा तपशील, त्या शेवटच्या रात्री कोण काय म्हणालं, ती वाहिनी पुन्हा बंद झाली होती. स्टँडमध्ये लोकांनी हेडफोन चढवले आणि आपापला आकडा दाबला. छपरावरून स्पॉटर सांगत होता, आत एक गाडी आहे, अजून आहे.